व्हिडिओला फुकटचं संगीत लावण्याआधी

पूर्वी ‘फ्री डाउनलोड’ दिसलं की मी ट्यून उचलायचे, व्हिडिओला चिकटवायचे. एकदा कॉपीराइटचा दावा आला आणि आवाजच बंद! तेव्हापासून आधी परवाना बघते.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने, म्हणजे कलाकाराने आपलं काम ठरावीक अटींवर इतरांना फुकट वापरू देण्याची परवानगी, २००२ पासून आहेत; परवान्याच्या नावातली अक्षरं तेवढी ओळखायची. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एनसी’ असेल तर कमाई नको. खरी गोम ‘एनडी’त आहे, म्हणजे रूपांतर करून प्रसिद्ध करायला मनाई: ट्यून न कापता अख्खी लावली, तरी चित्राशी जुळवलेलं संगीत रूपांतरच धरतात. ती सरळ सोडा.

वर्णनात रचनेचं नाव, संगीतकार, परवाना आणि मूळ लिंक लिहा. (‘संगीत: इंटरनेटवरून’ हे श्रेय नव्हे.) परवान्याच्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये ठेवा. दिलेला परवाना मागे घेता येत नाही, पण पान गायब होऊ शकतं.