खिडकी गळतेय? खिडकीवाल्याशी भांडण्याआधीची तयारी

मे महिन्यात बसवलेली स्लायडिंग खिडकी पहिल्याच झडीच्या पावसात गळायला लागली, की खिडकीवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं : "साहेब, खिडकी ओके आहे, पाणी भिंतीतून येतंय." तुम्ही सोसायटीकडे जाता. सेक्रेटरी म्हणतात, "खिडकी तुम्ही बदललीत, आमचा काय संबंध?" अडचण अशी, की दोघांपैकी कोणीही खरं बोलत असू शकतो. म्हणून नोटीस, वकील, ग्राहक आयोग हे सगळं पुढचं. आधी पाणी नेमकं कुठून आत येतंय हे पुराव्यानिशी ठरवून घ्या. मग खिडकीवाल्याचं ते ठरलेलं वाक्य चालत नाही.

सुरुवात कोरड्या दिवशी करा. मोजायची टेप घेऊन चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. त्यांत काही मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असला तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही. शटर, म्हणजे सरकणारी काचेची झडप, एका कोपऱ्यात घासतं आणि समोरच्या कोपऱ्यात फट राहते ती यामुळेच. खालच्या ट्रॅकवर लेव्हल ठेवा, उभ्या बाजूंना ओळंबा लावून बघा. मग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. ते बाहेरच्या बाजूच्या भोकांतून निघून गेलं पाहिजे. निघालं नाही तर ती भोकं पाडलेलीच नाहीत, किंवा कारागिराने उत्साहाच्या भरात त्यांवरही सिलिकॉन फासलंय. पाणी बाहेर न जाता ट्रॅकच्या कोपऱ्यातून आतल्या भिंतीवर उतरलं तर चौकटीचा सांधा उघडा आहे. एक गोष्ट इथेच समजून घ्या : जोराच्या पावसात स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये थोडं पाणी येणं हा दोष नाही, त्यासाठीच ती भोकं असतात. तेवढ्यावरून तक्रार केलीत तर तुमच्या बाकीच्या खऱ्या तक्रारीही हलक्या पडतात.

यानंतर पाइपची परीक्षा, तीही भिंत दोन-तीन दिवस कोरडी राहिल्यानंतर. पाणी नेहमी खालून वर मारत जायचं. वरून सुरुवात केलीत तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. आधी खिडकीखालच्या ग्रॅनाइट पट्टीचा आणि चौकटीचा सांधा, पाच-दहा मिनिटं. आतून दुसऱ्या माणसाने बघत राहायचं. मग दोन्ही उभ्या बाजू, मग शटरचे रबर आणि ब्रश, शेवटी वरची बाजू. एवढं झाल्यावर पूर्ण खिडकी प्लास्टिकने झाकून कडा टेपने बंद करा आणि फक्त आजूबाजूची भिंत आणि वरचा छज्जा भिजवा. तरीही आत ओल आली तर खिडकीवाला खरं बोलत होता. मग अर्ज सोसायटीला : सहकार खात्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतींतून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर बाहेर वाकून हा उद्योग करू नका. रंगकामासाठी इमारतीला झुला (दोरांवर लोंबकळणारी फळी) लागलेला असेल तेव्हा करून घ्या, नाहीतर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याचा फोटोंसकट सहीशिक्क्याचा अहवाल पुढे आयोगासमोर तुमच्या शब्दापेक्षा कितीतरी वजनदार ठरतो.

या सगळ्याचं व्हिडिओ चित्रण करा, पण तुकड्यातुकड्यांत नको. तारीख, वेळ आणि कुठली खिडकी हे तोंडाने सांगत, आधी पूर्ण खिडकी दाखवून मग जवळ जात, एका दमात. मूळ फाइल फोनमध्ये आणि आणखी एका ठिकाणी जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत लहान होते आणि तिच्यातली मूळ माहिती निघून जाते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडायचं असतं. चित्रण कोणत्या फोनवर, कधी, कोणी केलं हे त्यासाठी आताच लिहून ठेवा.

आता कागद. कोटेशन, मापांचा कागद, बिल, पैसे दिल्याचे यूपीआयचे पुरावे आणि सगळं चॅट, तारखेच्या क्रमाने एका फाइलमध्ये. पक्कं बिल नसलं तरी घाबरू नका, आणि जीएसटी नंबर नाही म्हणून समोरचा चोर ठरत नाही. छोट्या फॅब्रिकेटरची, म्हणजे खिडक्या बनवणाऱ्याची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असू शकते. रोख दिले असतील तर आजच एक साधा मेसेज पाठवा : "अमुक तारखेला इतके रोख दिले होते, बरोबर ना?" त्याचं "हो" आलं की पावतीची उणीव बरीचशी भरून निघते. खरी पंचाईत पत्त्याची होते. बहुतेकांच्या फोनमध्ये हा माणूस नुसता "स्लायडिंगवाला" या नावाने असतो. नोटीस पाठवायला पूर्ण नाव आणि दुकानाचा पत्ता लागतो, तेव्हा दुकानाच्या पाटीचा फोटो काढा आणि यूपीआयवर दिसणारं नाव टिपून ठेवा. संबंध बिघडायच्या आत हे उरका.

कोटेशनमध्ये जे लिहिलं होतं तेच बसवलंय का, हेही ताडून बघा. काचेची जाडी, टफन्ड (उष्णतेने मजबूत केलेली) काच म्हटली असेल तर काचेच्या कोपऱ्यातली कोरलेली खूण, सेक्शनची (चौकटीच्या पट्टीची) सिरीज, यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट असेल तर आतली लोखंडी पट्टी. अ‍ॅल्युमिनियमचा सेक्शन बसवल्यावर आतून किती जाड आहे ते कळत नाही. उरलेले तुकडे कारागीर भंगारात घालायला घेऊन जातात, त्यांतला एक मागून ठेवा. वादाच्या वेळी तो वीतभर तुकडा बरंच काही बोलतो.

मग त्याला दुरुस्तीची संधी द्या, आणि तीही लेखी. बरेच लोक चिडून इथे घाई करतात. दुसऱ्याला बोलवून सगळं उपटून नवं बसवतात आणि पुरावाच भंगारात जातो. पाऊस थांबत नसेल तर बाहेरून प्लास्टिक लावा, त्याची पावती ठेवा, पण चौकट हलवू नका. तो येऊन फक्त सिलिकॉनचा आणखी एक थर मारून जाणार असेल तर आधी विचारा, की जुना थर काढणार आहात का. ओल्या, धुळकट सांध्यावर मारलेलं सिलिकॉन पुढच्या पावसापर्यंतही टिकत नाही. तो जे करेल त्याचा आधीचा आणि नंतरचा फोटो काढा. "काम समाधानकारक" असं लिहिलेल्या कागदावर जोराचा पाऊस होऊन गेल्याशिवाय सही करू नका. दुसऱ्या फॅब्रिकेटरकडून मात्र लेखी अंदाजपत्रक आणून ठेवा : दोष काय, दुरुस्तीला किती. तुमच्या मागणीचा आकडा त्यावरच उभा राहणार आहे.

संधी देऊन उपयोग झाला नाही तर नोटीस. वकील लागतोच असं नाही. काय ठरलं होतं, किती दिले, काय चुकलं, आता काय हवंय आणि किती दिवसांत, एवढं एका पानात बसतं. १५ दिवसांची मुदत पुरे. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं, म्हणून स्पीड पोस्टने पाठवा, पोचल्याचा पुरावा जपा आणि तीच नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. "पोलिसात जातो" हे वाक्य त्यात नको. वाईट काम हा दिवाणी वाद आहे असं सांगून ठाण्यातून परत पाठवतील. अ‍ॅडव्हान्स घेऊन माणूस गायबच झाला असेल तर गोष्ट वेगळी.

नोटिशीच्या मुदतीत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवा. तिथून निकाल मिळत नाही, पण मोठ्या यूपीव्हीसी ब्रँडचा डीलर असेल तर कंपनीकडून फोन जाण्याची शक्यता वाढते. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं जिल्हा आयोगात जातात आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला फी नाही. घरच्या खिडक्यांचा खर्च बहुधा त्या आतच बसतो. ऑनलाइनही दाखल करता येते, २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर. स्वतः बाजू मांडता येते. नुकसानीत पोपडे आलेल्या भिंतीचा रंग, फुगलेलं प्लायवूड हेही बिलासकट मागा, पण मानसिक त्रासापोटी काही लाखांची मागणी टाकू नका. अशा आकड्याने बाकीच्या बिलांकडेही संशयाने पाहिलं जातं.

मुदतीकडे लक्ष ठेवा. तक्रार तिचं कारण घडल्यापासून २ वर्षांत दाखल करायची असते. खिडकीवाला "आता पावसात नको, दिवाळीनंतर बघू" म्हणतो, दिवाळीनंतर कोरडं असतं म्हणून तुम्हीही विसरता, आणि असे दोन पावसाळे गेले की मुदत संपत आलेली असते. म्हणून त्याचं प्रत्येक "बघू" तारखेसह मेसेजमध्ये पकडा.

खिडकी बिल्डरनेच बसवलेली असेल तर वाट वेगळी. रेरा या घरबांधणीच्या कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्ती करायची असते. तसं झालं नाही तर महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे जाता येतं. पण मधल्या काळात तुम्ही स्वतः खिडकी बदलली किंवा ग्रिलसाठी चौकटीत भोकं पाडली असतील, तर तो त्यावरच बोट ठेवेल. त्यामुळे ताब्याची ५ वर्षं उलटेपर्यंत मूळ चौकटीला हात न लावलेला बरा.

तडजोड झालीच तर तीही कागदावर घ्या : काय बदलणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि राहिलेली रक्कम पाइपच्या परीक्षेनंतर की जोराच्या पावसानंतर देणार. काहीच शिल्लक नसेल, सगळे पैसे आधीच दिले असतील, तर नव्या कामाची हमी किमान एका पूर्ण पावसाळ्याची लिहून घ्या. जूनच्या पहिल्या सरीवर भागवू नका, पश्चिमेकडच्या खिडकीला खरा मार जुलैत बसतो.