ऑपरेशनच्या आधी भुलीच्या डॉक्टरले काय सांगायचं अन् नंतरचं दुखणं कसं आवरायचं

मागच्या उन्हाळ्यात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा फिटनेससाठी भुलीच्या मॅडमकडं पाठवलं. मॅडमनी विचारलं, काका खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) खाता का? बाबा म्हणे, छ्या, आपल्याले तसला नादच नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या आ करा अन् तुमचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून दाखवा. दीड बोट गेलं आणि अडलं. शर्टाच्या खिशातून खर्र्याची पन्नी डोकावत होती ती वेगळीच.

तर पहिली गोष्ट हीच, घरून निघायच्या आधी ज्याचं ऑपरेशन आहे त्याला आरशासमोर उभं करून ही तीन बोटं घालून बघा. पूर्ण भूल देतात तेव्हा माणसाचा श्वास मशीनवर चालतो अन् त्यासाठी घशातून नळी टाकावी लागते, सुपारी-खर्र्यानं गाल आतून कडक झाले की तोंडच उघडत नाही, मग पेशंट झोपलेला आणि नळी जात नाही अशी पंचाईत होते. आधी माहीत असलं तर ते दुसरी तयारी ठेवतात, जागेपणीच नाकातून दुर्बिणीनं नळी टाकतात नाहीतर कमरेतून भूल देतात. बाबांना कमरेतूनच दिली. खर्रा, बिडी, मोहाची दारू, जे असेल ते खरं सांगून टाका बाप्पा, तो डॉक्टर तुमचा सासरा नाही. बिडी महिनाभर आधी सुटली तर उत्तमच, नाहीच जमलं तर निदान आदल्या दिवसापासून तरी हात लावू नका.

दुसरं म्हणजे गोळ्या. नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नका, घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका थैलीत टाका अन् थैली टेबलावर उलटी करा. बीपीची, शुगरची, रक्त पातळ करायची, सगळ्या. यातली कोणती सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची, कोणती आधीच बंद करायची हे ते ठरवतील, शुगरच्या काही नव्या गोळ्या तर तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. गुडघ्यासाठी गावातून घेतलेली बिननावाची पुडी असेल तर तीही दाखवा. अशा पुड्यांत कितीदा स्टेरॉइड निघतं, आणि महिनोन्महिने ते घेतलं असेल तर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं अन् ऑपरेशनच्या ताणात बीपी कोसळू शकतं.

आता जे कोणी विचारत नाही ते. फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली ते आपण विसरलो नाही, पण फवारणीचा भुलीशी संबंध आहे हे मलाही त्या मॅडमनीच सांगितलं. काही कीटकनाशकं रक्तातलं एक एन्झाइम दाबून टाकतात, आणि नळी टाकताना स्नायू ढिले करायला जे स्कोलीन देतात ते मोडायचं काम तेच एन्झाइम करतं. एरवी पाच-दहा मिनिटांत उतरणारं औषध अशा माणसात तासन् तास टिकू शकतं आणि तोवर त्याला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. म्हणून गेल्या काही आठवड्यांत फवारणी केली असेल, त्यातही चक्कर-उलटी झाली असेल, तर स्वतःहून सांगा.

तसंच सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, आपल्या पट्ट्यात घराघरात आहे. देशभरातून हा आजार हटवायचं मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, टार्गेट २०४७ चं. तपासणीचा कार्ड असेल तर सोबत न्या, तपासणी झालीच नसेल अन् घरात कोणाला सिकल असेल तर तेही बोला. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं, ऑक्सिजन कमी पडणं, या तिन्हीनं सिकलचा झटका येतो आणि थिएटरात तिन्ही होऊ शकतात, म्हणून त्यांना अंगावर गरम ठेवणं, सलाईन आधी लावणं असं सगळं पाहावं लागतं.

उपाशी ठेवायच्या बाबतीत मात्र माझं थोडं भांडण आहे. रात्री बारापासून काहीच नाही, पाणीसुद्धा नाही, असं सरसकट सांगतात अन् नंबर लागतो दुपारी दोनला, मे महिन्यात! बाबांची जीभ टाळूला चिकटली होती. आता जगभर मानतात ते असं की जेवण सहा तास आधी बंद, भजे-पुरी-मटण असं तेलकट असेल तर आठ, पण साधं पाणी किंवा बिनदुधाचा काळा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. दुधाचा चहा म्हणजे जेवणच समजा, तिथंच लोक फसतात. पोट फुगलेलं असेल, बाई गरोदर असेल, शुगर फार जुनी असेल तर नियम बदलतो, त्यामुळं आपल्या मनानं काही न करता सरळ विचारा, मॅडम पाणी किती वाजेपर्यंत देऊ? आणि मावशीनं लाडानं पोहे चारले असतील तर लपवू नका, भुलीत पोटातलं अन्न उलटून फुफ्फुसात जातं, ऑपरेशन पुढं ढकललेलं परवडलं.

पूर्ण भूल की कमरेतली यावरून नातेवाईक लई भांडतात, खास करून म्हातारीचा खुबा मोडला की. अमेरिका-कॅनडात १६०० पेशंटवर हेच तपासलं, रीगेन नावाचा अभ्यास, २०२१ मध्ये छापून आला. साठ दिवसांनी किती जण चालू शकले, किती वारले, दोन्ही भुलींत म्हणावा असा फरक नाही निघाला. तेव्हा ते डॉक्टरवर सोडा. कमरेतल्या सुईनं जन्माची कंबर धरते हेही खरं नाही, चार दिवस सुईची जागा दुखते एवढंच. पण बसलं की डोकं फाटतं अन् आडवं झालं की थांबतं असं झालं तर ते सुईमुळं असू शकतं, त्यावर उपाय आहे, लगेच सांगा.

नंतरचं दुखणं. नर्स विचारते शून्य ते दहात किती दुखतं, आमच्या आजीला ते कळेचना. शेवटी मामानं विचारलं, बुढे, रुपयातलं किती आणे दुखते? ती म्हणे, पडून रायलं त बारा आणे, खोकलं त पुरा रुपया. नर्सनं ते तसंच लिहून घेतलं अन् सलाईनमधून औषध दिलं. सहन करणं यात काही मर्दानगी नाही, दुखतं म्हणून माणूस खोकत नाही, चालत नाही, अन् मग छातीत कफ साचतो, पायात रक्ताची गाठ होते.

गोळी कळ उठल्यावर नाही, घड्याळावर द्यायची. पॅरासिटामॉल धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही, दारू पिणाऱ्याला, लिव्हरवाल्याला, वजनानं हलक्या म्हातारीला त्याहून कमी. अन् स्ट्रिपेच्या मागचं वाचा, दुखण्याच्या कितीतरी कॉम्बिनेशन गोळ्यांत तेच पॅरासिटामॉल असतं, दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या म्हणजे डबल डोस. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन गावात मारून घेऊ नका, पाणी कमी पिलेल्या माणसाची किडनी त्यानं बसते.

३० जानेवारी २०२५ ला अमेरिकेत सुझेट्रिजिन नावाच्या नव्या गोळीला मंजुरी मिळाली, ती मेंदूवर नाही तर दुखण्याची खबर नेणाऱ्या नसांतल्या एका दारावर काम करते, म्हणून अफूच्या जातीतल्या औषधांसारखी सवय लागायचा धोका नाही असं म्हणतात. भारी आहे, पण अभ्यासात ती तिथल्या नेहमीच्या, अफूच्या जातीचं औषध अन् पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळीपेक्षा सरस नाही ठरली, तेव्हा गावच्या मेडिकलवर ती शोधत फिरू नका.

हाता-पायाच्या ऑपरेशनला सोनोग्राफीत बघून नसेजवळ औषध सोडतात, त्याला ब्लॉक म्हणतात, हात अर्धा दिवस लाकडासारखा होतो. तो उतरायच्या आधीच, म्हणजे झिणझिण्या सुरू झाल्या की, डॉक्टरनं लिहून दिलेली पहिली गोळी द्या, नाहीतर रात्री दोनला एकदम कळ उठते अन् घरात कोणाला झोप नाही. आणि हात सुन्न आहे तोवर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, कातडी भाजली तरी त्याला कळणार नाही.