शिकारीचा स्कोप वेगळा, टार्गेटचा वेगळा: रायफल स्कोप कसा निवडायचा

अमेरिकेत स्थायिक झालेली आपली काही मंडळी आता वीकेंडला रेंजवर जातात, काहीजण थंडीत हरणाच्या सीझनलाही जातात, आणि रायफल घेऊन झाली की पहिला प्रश्न असतो की स्कोप (रायफलवर बसवायची नेमाची दुर्बीण) कुठला घेऊ. बजेट सांगतात, ब्रँड विचारतात, पण तो कशासाठी हवाय हे सगळ्यात शेवटी सांगतात. खरं तर तेच आधी ठरवायचं. शिकाऱ्याला अंधुक उजेडात, काही सेकंदांत, झाडीतून सरकणारं जनावर दिसायला हवं. टार्गेटवाल्याकडे उजेड असतो, वेळ असतो, निशाण जागचं हलत नाही, फक्त ते लांब आणि बारीक असतं. बाकी सगळी निवड यातूनच होते.

भारतातल्यांसाठी आधीच सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, त्यामुळे शिकारीचं इथे जे लिहिलंय ते पेनसिल्व्हेनिया, टेक्सास अशा ठिकाणच्या लायसन्सवाल्या शिकारीबद्दल आहे. आणि ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत स्कोप चालतच नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ मिळवलं ते पीप साइटवर, म्हणजे बारीक भोकातून नेम धरून. मुलीला किंवा मुलाला १० मीटर एअर रायफलच्या क्लासला घालत असाल तर स्कोपवर एक रुपयासुद्धा घालवू नका.

पायरी १: अंतर आणि उजेड कागदावर लिहा

पेनसिल्व्हेनियाच्या दाट जंगलात हरणावरचे बहुतेक शॉट १०० यार्डांच्या आतले असतात. पश्चिमेकडच्या मोकळ्या माळावर २००-३०० होतात. एफ-क्लास मॅच (झोपून, रायफल टेकवून लांबच्या निशाणावर मारायची स्पर्धा) १००० यार्डांपर्यंत जाते, तिथे दहा गुणांचं वर्तुळ १० इंचांचं आणि आतलं एक्सचं ५ इंचांचं. शिवाय तुमच्या मॅचचे नियम आधी वाचा, कारण सर्व्हिस रायफल (सैनिकी धर्तीच्या रायफली) प्रकारात स्कोप साडेचारपटीच्या (४.५x) वर चालत नाही आणि एफ-टीआर या एफ-क्लासच्याच उपप्रकारात रायफल, बायपॉड (दोन पायांचा टेकू), स्कोप सगळं मिळून ८.२५ किलोच्या आत बसवावं लागतं.

पायरी २: आकडे नीट वाचा

३-९×४० म्हणजे तीनपट ते नऊपट मोठं दिसणार आणि पुढची काच ४० मिलिमीटरची. आता ४० ला मॅग्निफिकेशननं भागा. ४x ला १० मिमी, ९x ला साधारण साडेचार मिमी. स्कोपमधून डोळ्याकडे येणारा उजेडाचा झोत एवढ्या रुंदीचा असतो. अंधारात आपली बाहुली तरुणपणी ७ मिमीपर्यंत उघडते, वय वाढलं की कमी. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शूटिंगची मुभा आहे, आणि हरणं नेमकी त्याच वेळी बाहेर पडतात. अशा वेळी २४x वर ठेवलेला ५० मिमीचा स्कोप डोळ्याला जेमतेम २ मिमीचा झोत देतो, चित्र काळवंडतं. शिवाय ३x ला १०० यार्डांवर साधारण ३० फूट रुंदीचं रान दिसतं, ९x ला दहा-बारा फूट, म्हणजे मॅग्निफिकेशन वाढवून ठेवलंत तर झाडीतलं हरीण स्कोपमध्ये सापडेपर्यंत ते निघूनही गेलेलं असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: जंगलासाठी २-७ किंवा ३-९, मोकळ्या माळासाठी फार तर ४-१२, आणि त्यातून वाचलेले पैसे चांगल्या काचेत घाला. टार्गेटसाठी मात्र वरचा आकडा २५x किंवा त्याहून जास्त हवाच. तरी उन्हात जमीन तापली की मृगजळासारखी हवा हलायला लागते आणि तेव्हा एफ-क्लासवालेसुद्धा मॅग्निफिकेशन खाली आणतात.

पायरी ३: रेटिकल आणि टरेट

रेटिकल म्हणजे स्कोपमध्ये दिसणारी नेमाची खूण, आणि टरेट म्हणजे नेम वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवायचा नॉब, त्याचा एकेक टप्पा म्हणजे क्लिक. शिकारीला साधा, जाडसर डुप्लेक्स (बाहेर जाड, मध्यात बारीक रेघांचा) क्रॉसहेअर बरा, अंधारात बारीक रेघा दिसतच नाहीत. टरेटवर टोपण असू द्या, नाहीतर झाडीत घासून क्लिक फिरतात आणि पत्ता लागत नाही. .३०८ या काडतुसाची रायफल २०० यार्डांवर झीरो केली (नेम त्या अंतराला जुळवला) तर गोळी १०० ला साधारण दोन इंच वर लागते आणि ३०० ला आठेक इंच खाली. म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे यार्डांपर्यंत काही न फिरवता छातीवर नेम धरता येतो.

टार्गेटचं गणित निराळं. तीच .३०८ १००० यार्डांवर तीसेक फूट खाली येते, ते सगळं टरेट फिरवून भरून काढायचं, त्यामुळे उघडा टरेट, स्पष्ट क्लिक आणि झीरो स्टॉप (टरेट परत झीरोवर आला की अडवणारा खटका) हवा. एक एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० यार्डांवर इंचाहून किंचित जास्त, आणि बहुतेक टरेटचा एक क्लिक पाव एमओएचा. मिल (कोनाचंच दुसरं माप) वाला घेतलात तर ०.१ मिलचा एक क्लिक १०० मीटरवर एक सेंटिमीटर, मेट्रिकमध्ये वाढलेल्या आपल्याला हे सोपं जातं. फक्त रेटिकल एमओएमध्ये आणि टरेट मिलमध्ये असला स्कोप घेऊ नका, मॅचच्या घाईत भागाकार करत बसाल. पीआरएस (प्रिसिजन रायफल सिरीज) सारख्या वेगवेगळ्या अंतरांच्या मॅचला फर्स्ट फोकल प्लेनचा स्कोप घ्या, त्यात झूम बदलला तरी रेटिकलवरच्या खुणांचं माप बरोबर राहतं.

पायरी ४: पॅरलॅक्स

पॅरलॅक्स म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर निशाणावरून सरकल्यासारखा दिसणं. शिकारी स्कोपमध्ये याची जुळणी कारखान्यातूनच १०० किंवा १५० यार्डांना सेट असते, चालतं. टार्गेटला बाजूचा नॉब हवाच. डोकं जरा हलवून बघा, निशाणावर क्रॉसहेअर सरकत असेल तर नॉब फिरवा.

पायरी ५: विकत घेताना आणि बसवताना

दुकानातल्या दिव्याखाली सगळेच स्कोप छान दिसतात. शक्य असेल तर संध्याकाळी जा, दुकानदाराला विचारून (रायफलशिवाय, नुसता स्कोप) बाहेर न्या आणि समोरच्या झाडाखालच्या सावलीत बघा, फांद्या वेगवेगळ्या दिसतात की सगळा काळा गठ्ठा. आय रिलीफ (डोळा आणि स्कोपची मागची काच यातलं अंतर) साडेतीन इंचांच्या आसपास असू द्या, नाहीतर जड काडतुसाचा धक्का बसला की स्कोपची कड भुवईवर आपटते. वजनही बघा, दिवसभर रायफल खांद्यावर घेऊन चढ चढायचा तर साडेतीनशे ग्रॅम आणि एक किलो यातला फरक चांगलाच जाणवतो. स्प्रिंगवाली एअर रायफल असेल तर एअरगनसाठीचाच स्कोप घ्या, तिचा उलटसुलट झटका भल्याभल्या स्कोपची वाट लावतो. ३० मिमीच्या नळीत जास्त उजेड येतो असं सांगतात, तसं नाही, तिचा मुख्य फायदा म्हणजे ॲडजस्टमेंटला मिळणारी जास्त जागा. रिंगा (स्कोप रायफलवर धरणाऱ्या कड्या) स्वस्तातल्या घेऊ नका आणि स्क्रू टॉर्क रेंचनंच आवळा, सहसा १५ ते १८ इंच-पाउंड, पण कंपनीचा आकडा बघून.

मग रेंजवर १०० यार्डांवर बॉक्स टेस्ट करा: तीन गोळ्या, २० क्लिक वर, तीन गोळ्या, २० उजवीकडे, मग खाली, मग डावीकडे. पाव एमओएचा टरेट असेल तर चौकोनाची बाजू पाच इंचांहून जराशी जास्त यायला हवी आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर बसायला हवा. नाही बसला तर आधी रिंगा तपासा, तरीही नाही तर स्कोप परत करा.

आणि काहीही झालं तरी जंगलात काय हललं ते बघायला स्कोप वापरायचा नाही, त्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण ठेवा. स्कोप लावला म्हणजे नळी तिकडे रोखली गेली, आणि तिकडे माणूस असू शकतो.

एच-१बीसारख्या व्हिसावर असाल तर बंदूक जवळ ठेवण्यावर फेडरल कायद्याची बंदी आहे आणि सवलत मुख्यतः हंटिंग लायसन्स असलेल्यांना मिळते, तेव्हा रायफल घ्यायच्या आधीच वकिलाशी बोला. भारतात मित्रासाठी स्कोप बॅगेत टाकून न्यायचा विचारही नको, अमेरिकेच्या एक्सपोर्ट नियमांत रायफल स्कोप येतात आणि ते लायसन्सशिवाय बाहेर नेणं गुन्हा ठरू शकतो.