वाडा दुरुस्तीला काढताय? या चुका टाळा

पुण्याच्या पेठांमधला किंवा वाईतला जुना वाडा दुरुस्तीला निघाला की सगळे आधी भिंतीकडे बोट दाखवतात. भेग पडली, पोपडे निघाले, म्हणजे भिंत गेली, असा निकाल लागतो. पण वाड्याचा भार मुख्यतः सागवानी चौकट वाहते: जोत्यावर तळखडा, तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर माती. खांब पुष्कळदा भिंतीच्या पोटात दडलेला असतो, म्हणून तो विसरला जातो. भिंतीची भेग बहुतेक वेळा खांबाची तक्रार असते.

खांबाच्या पायाशी सिमेंट. ही चूक इतक्या वाड्यांत दिसते की आता चीड येते. तळखडा म्हणजे खांबाखालचा दगड. त्याचं कामच लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर ठेवणं. पहिल्या वर्षी कुणीतरी ओसरीवर नवीन फरशी बसवतं, जुनी न काढता. जमीन दोन-अडीच इंच वर येते आणि तळखडा गाडला जातो. मग खांबाचं टोक ‘कच्चं’ वाटतं, म्हणून भोवती सिमेंटचा गळपट्टा. दिसायला छान, घट्ट. पण लाकूड ऋतूनुसार फुगतं-आकसतं, सिमेंट तसं करत नाही. दोन उन्हाळ्यांत मध्ये केसाएवढी फट पडते, फरशी पुसल्याचं पाणी तिथून आत शिरतं आणि सिमेंटमुळे बाहेर निघत नाही. खांब खालून कुजतो, वरून मात्र ठणठणीत दिसतो.

पुढची साखळी ठरलेली. खांब अर्धा इंच बसतो. वरच्या तुळईचा साल-कुसाचा सांधा, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला जोड, उघडतो. माडीवरचं दार अडकायला लागतं आणि घरचे सुताराला बोलावून दार रंधून घेतात! चौकट हलली की छपराच्या वाशांची ओळ बिघडते, कौलं सरकतात, पावसाळ्यात गळती लागते. मग गळतीवर डांबराचा कागद. एवढं होईपर्यंत सात-आठ वर्षं जातात आणि बिल येतं ते छपराचं. खांबाकडे कुणी वाकून बघितलेलंच नसतं.

दार अडकलं की रंधा नको, ओळंबा काढा आणि खांब सरळ उभा आहे का ते बघा. खांबाच्या पायाशी छिन्नी-हातोडीने सिमेंट सोडवा. ब्रेकर लावू नका, त्याच्या हादऱ्याने शेजारची भिंत सुटते. मग जमिनीपासून दोन फुटांपर्यंत हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. निरोगी सागवान टणत्कार देतं, कुजलेलं ‘थप’ करतं. जिथे टोचा अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज घुसतो तिथलं लाकूड गेलं समजा. बहुतेकदा अख्खा खांब बदलावा लागत नाही. निरोगी लाकडापर्यंत कापून खाली जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट तरी हवी, म्हणजे आठ इंची खांबाला दोन फूट. नवा, ओला साग घेतलात तर तो आकसेल आणि सांधा उघडेल. पाडलेल्या घरांचा साग बाजारात मिळतो, तो घ्या.

कापण्याआधी खांबाच्या दोन्ही बाजूंना टेकू. टेकूखाली रुंद फळी, आणि वर मजला असेल तर तिथेही बरोबर त्याच रेषेत टेकू. उचलायचं असेल तर जॅक दिवसाला दोन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. दीडशे वर्षं वाकून बसलेली तुळई एका दुपारी सरळ करायला निघालेल्यांनी गिलावा आणि कौलं दोन्ही खाली आणलेली आहेत. घाई असेल तर वाडा विका, दुरुस्त करू नका.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. मातीत बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट लावलंत की सोडणं बंद. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतली मातीच्या बांधणीची घरं पाण्यात उभी राहून कोसळली. पाण्याने माती मऊ झाली की ती भार घेत नाही, एवढं साधं कारण. सिमेंटच्या गिलाव्याआड तेच सावकाश होतं, फक्त दिसत नाही. चुनाच लावा: एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग वाळू. कळीचा चुना विझवून निदान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवा. पिशवीतली फक्की कालवून त्याच दिवशी लावणाऱ्याला पैसे देऊ नका. थर अर्ध्या इंचाहून जाड नको, आणि आठवडाभर ओलं पोतं.

माडीवर काँक्रीट. दहा बाय दहाच्या खोलीत चार इंच काँक्रीट म्हणजे सुमारे सव्वादोन टन. कड्यांवर. आकडा पुन्हा वाचा.

पिंपळ उपटणं. मूळ भिंतीत राहतं आणि दुप्पट जोमाने फुटतं. खोड कापून मूळ मारा, मग दगड उघडून मूळ काढा.

सगळं पेशवेकालीन म्हणणं. मंगलोरी कौलं असतील तर ते छप्पर पेशव्यांचं नाही. मंगलोरचा पहिला कौल कारखाना १८६५ चा, आणि पेशवाई १८१८ ला संपली. बिडाचे खांब आणि लोखंडी गर्डरही नंतरचे. म्हणून वाडा खोटा ठरत नाही, चौकट जुनी असू शकते. पण छपराच्या वयावरून खांबाचं वय सांगू नका. उलटी चूकही होते: शनिवारवाडा दगडी होता असं समजणं. आज दिसते ती तटबंदी, दरवाजे आणि जोती. आतला लाकडी वाडा १८२८ च्या आगीत गेला, आणि ती आग सात दिवस धुमसत होती. म्हणून वाड्यात जुनं वायरिंग ठेवून झुंबर लावणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकारात कोरलेल्या, खांबांना ऑइलपेंट. आधीच्यांनी लावला असेल तर तो काढताना घाई नडते. कॉस्टिक सोडा सागवानाचे तंतू मऊ करतो, सँडब्लास्टिंग केळफुलाच्या कोरीव पाकळ्या पुसून टाकतं, आणि ब्लोटॉर्च हातात घेण्याआधी वरची शनिवारवाड्याची आग आठवा. पेंट काढायचं रसायन लावून, प्लॅस्टिक गुंडाळून रात्रभर ठेवा, मग लाकडी पट्टीने आणि ताठ ब्रशने काढा. एका खांबाला तीन-चार दिवस लागतात, लागू देत. नंतर जवसाचं तेल: पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन समसमान, पुढचे दोन हात नुसतं तेल, मध्ये दोन-दोन दिवसांचं अंतर. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नका, ती आपोआप पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.