सँडी डेनी ऐकावी कशी: ध्वनिमुद्रणाच्या तारखेचा माग धरून

इंग्लंडच्या पारंपरिक गाण्यांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम यांची जोड मिळाली त्या काळातील सर्वांत महत्त्वाची गायिका म्हणजे सँडी डेनी. तिचा जन्म ६ जानेवारी १९४७ चा, आणि २१ एप्रिल १९७८ रोजी ती गेली तेव्हा अवघी ३१ वर्षांची होती. या अकाली मृत्यूमुळे तिचे प्रत्येक गाणे पूर्वसूचनेसारखे ऐकण्याची खोड श्रोत्यांना लागते. ती टाळायची असेल तर अल्बमवर छापलेले प्रकाशनाचे वर्ष बाजूला ठेवावे आणि ध्वनिमुद्रण कधी झाले, त्या क्रमाने वहीत यादी करावी.

हा खटाटोप निरर्थक नाही. स्ट्रॉब्ज या गटाबरोबर तिने १९६७ मध्ये कोपनहेगनला केलेला अल्बम थेट १९७३ मध्ये बाजारात आला, आणि फॉदरिंगे या तिच्या स्वतःच्या गटाचा १९७० च्या अखेरीस अर्धवट राहिलेला दुसरा अल्बम तर २००८ पर्यंत पडून होता.

आरंभ ‘हू नोज व्हेअर द टाइम गोज’ या तिच्याच गाण्यापासून करावा. सरत्या काळाविषयीचे हे गाणे तिने स्ट्रॉब्जबरोबर गायले तेव्हा ती वीस वर्षांची होती, हे एकदा ध्यानात घेतले की त्यात मृत्यूची चाहूल शोधण्याचा मोह आपोआप ओसरतो. त्यानंतर लगेच, ती पुढे ज्या गटात गायली त्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शनच्या ‘अनहाफब्रिकिंग’ (१९६९) या अल्बममधील तेच गाणे लावावे. येथे रिचर्ड थॉम्पसनची गिटार ओळींमधल्या जागा भरते, आणि सँडी शब्द सोडण्याची घाई करत नाही.

त्याच अल्बममधील ‘अ सेलर्स लाइफ’ला मात्र निवांत वेळ द्यावा, कारण लोकगीत आणि रॉक यांची गाठ कशी पडली हे त्या अकरा मिनिटांत प्रत्यक्ष ऐकू येते. सुरुवातीला ठेका जवळजवळ नसतोच. तिचा आवाज एकटाच कथा पुढे नेतो आणि वाद्ये त्याच्या मागून चाचपडत येतात. मग ड्रम हळूहळू लय पकडतात, आणि गायन संपल्यावर थॉम्पसनची गिटार व डेव्ह स्वॉर्ब्रिकचे व्हायोलिन यांची जुगलबंदी रंगते. पहिल्या वेळी आवाज ऐकावा, दुसऱ्या वेळी फक्त ड्रम. ते मार्टिन लॅम्बलने वाजवले आहेत. हा अल्बम बाहेर येण्यापूर्वीच, १२ मे १९६९ रोजी, गटाच्या व्हॅनला झालेल्या अपघातात तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षी दगावला. सँडी त्या व्हॅनमध्ये नव्हती.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेला फेअरपोर्टचा ‘लीज अँड लीफ’ हा अल्बम बहुतेक जण पहिल्यांदा सुचवतात. माझ्या मते तो या टप्प्यावरच ऐकावा, म्हणजे त्यातील ‘मॅटी ग्रोव्हज’चा आत्मविश्वास कोणत्या पडझडीनंतर आला ते कळते. यानंतर तिने गट सोडला, कारण तिचा ओढा स्वतःच्या गाण्यांकडे होता.

लेड झेपेलिन या रॉक गटाबरोबरचे १९७१ चे गाणे प्रसिद्ध असले तरी एकदा ऐकून पुढे जावे. त्यापेक्षा तिच्या ‘सँडी’ (१९७२) या अल्बममधील ‘द क्वाएट जॉइज ऑफ ब्रदरहुड’ हेडफोन लावून ऐकावे: तिच्याच आवाजाचे थर एकमेकांवर चढवले आहेत, आणि वाद्य येते ते शेवटी, व्हायोलिनच्या रूपाने.

यादीतील अखेरची नोंद लंडनच्या रॉयल्टी थिएटरमधील २७ नोव्हेंबर १९७७ च्या कार्यक्रमाची. तो ‘गोल्ड डस्ट’ या नावाने १९९८ मध्ये प्रकाशित झाला, तेव्हा काही वाद्ये आणि साथीचे आवाज नव्याने मुद्रित करून त्यात मिसळण्यात आले. त्यामुळे या एका नोंदीपुढे दोन वर्षे लिहावी लागतात. तिचा आवाज मात्र त्या रात्रीचाच आहे.