सी भाषेत फोल्डर वाचायचं, लिनक्सवरही आणि विंडोजवरही

सीच्या प्रमाणित लायब्ररीत फाइल उघडता येते, तिचं नाव बदलता येतं, ती पुसताही येते. पण फोल्डरमध्ये काय काय आहे, हे विचारायची सोय १९८९च्या मानकात नव्हती आणि सी२३मध्येही नाही. ती आपणच करायची.

नेहमीचा सल्ला असतो: पॉझिक्सचं (लिनक्ससारख्या प्रणालींच्या मानकाचं) ओपनडिर-रीडडिर वापरा आणि विंडोजसाठी त्याची नक्कल करणारं हेडर कुठूनतरी आणा. असं करू नका. रीडडिरची मोठी उणीवही त्यासोबत येते: यादी संपली तरी नल (रिकामा पॉइंटर), चूक झाली तरी नल.

एक हेडर आणि दोन सोर्स फाइली करा, प्रत्येक प्रणालीची वेगळी. हेडरमध्ये आतला तपशील न दाखवणारं स्ट्रक्चर आणि तीन फंक्शनं: उघड, पुढचं, बंद. ‘पुढचं’ने नाव मिळालं तर १, यादी संपली तर ०, चूक झाली तर −१ द्यावं. इफडेफ (प्रणालीनुसार कोड निवडणाऱ्या ओळी) सगळ्या कोडभर पेरू नका. कुठली फाइल कंपाइल करायची ते मेकफाइल ठरवेल.

पॉझिक्सची बाजू सोपी आहे. प्रत्येक रीडडिरआधी एरनो (कोणती चूक झाली ते सांगणारा चल) शून्य करा, नल आल्यावर तो तपासा आणि मिळालेलं नाव लगेच कॉपी करून घ्या. रीडडिर_आर या त्याच्या भावंडाच्या वाटेला जाऊ नका, जीलिबसीने (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीने) २.२४ आवृत्तीपासून ते कालबाह्य ठरवलं आहे.

खरी अडचण विंडोजवर येते आणि माझा सर्वांत जास्त वेळ तिथेच गेला आहे. विंडोजचं फाइंड-फर्स्ट-फाइल फोल्डर उघडतं आणि त्याच फटक्यात पहिली नोंदही हातात देतं. आपलं ‘उघड’ मात्र नोंद देत नाही. म्हणून ती स्ट्रक्चरमध्ये राखून ठेवा, सोबत ‘पहिली अजून दिलेली नाही’ असा झेंडा (फ्लॅग) ठेवा. ‘पुढचं’ पहिल्यांदा बोलावल्यावर राखलेली नोंद द्या, मगच फाइंड-नेक्स्ट-फाइलकडे वळा. हे विसरलात तर प्रत्येक फोल्डरमधली पहिली नोंद गळते. ती बहुधा एकटं टिंब (त्या फोल्डरची स्वतःची खूण) असते, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. ड्राइव्हच्या मुळाशी मात्र टिंब आणि दोन टिंबं (वरच्या फोल्डरची खूण) या नोंदी नसतात. तिथे खरीखुरी फाइल गायब होते. याच कारणाने रिकाम्या पेनड्राइव्हच्या मुळाशी फाइंड-फर्स्ट-फाइल ‘फाइल सापडली नाही’ अशी चूक सांगतं. ती चूक धरू नका, रिकामी यादी समजा. उघडता आलं नाही तर मिळणारा हँडलही (उघडलेल्या यादीची खूण) नल नसतो, इनव्हॅलिड-हँडल-व्हॅल्यू असतो. आणि मार्गाच्या शेवटी तिरकी रेघ (\) व तारा (*) जोडायलाच हवा, नाहीतर फोल्डरच्या आतली यादी येणार नाही, त्या फोल्डरचीच नोंद मिळेल.

फंक्शनांची ‘डब्ल्यू’ (यूनिकोड) रूपंच वापरा, याबाबत तडजोड नको. देवनागरीसाठी ‘ए’ रूपांना वापरता येईल असं विंडोजचं जुनं कोडपेज (अक्षरांच्या क्रमांकांचा तक्ता) नाही, त्यामुळे साधारणपणे ‘ए’ रूप ‘जमाखर्च’ नावाच्या फाइलची नुसती प्रश्नचिन्हं करून देतं आणि त्या नावाने फाइल उघडतही नाही. यूटीएफ-१६ नाव यूटीएफ-८ करून बाहेर द्या. विंडोज नावासाठी देतं ती जागा २६० यूटीएफ-१६ एककांची, प्रत्येकाचे जास्तीत जास्त तीन बाइट. म्हणून ७८० बाइटचा बफर पुरतो. उलट लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलप्रणालीवर नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे काना-मात्रा वेगळ्या मोजून देवनागरीची ८५ चिन्हं. विंडोजवरचं लांबलचक मराठी नाव तिथे मावेलच असं नाही.

नोंद फाइल आहे की फोल्डर, हे लिनक्सवर रीडडिरच्या नोंदीतलं डी_टाइप सांगतं, पण काही फाइलप्रणाली ‘अज्ञात’ म्हणतात. तेव्हा एलस्टॅट (लिंकच्या मागे न जाता नोंदीची माहिती देणारं फंक्शन) करा. आत-आत उतरताना सिम्बॉलिक लिंक आणि विंडोजची जंक्शनं (दोन्ही दुसऱ्या जागेकडे नेतात) ओलांडू नका, प्रोग्राम गोल गोल फिरत राहील.

क्रमाची हमी कुठेच नाही. हवा असेल तर स्वतः लावा. पुसायचं असेल तर आधी सगळी नावं गोळा करा.

चाचणीला रिकामा पेनड्राइव्ह, मराठी नावांचं फोल्डर आणि वाचायची परवानगी नसलेलं फोल्डर, ही तिन्ही दोन्ही प्रणालींवर चालवा. तिसऱ्यात रिकामी यादी आली, तर चूक झाली का, हे तपासणं कुठेतरी राहिलं आहे.