स्कॉचची बैठक: आधी पाणी, मग बाटल्या

पाणी आणून ठेवा. बाटल्यांचं नंतर बोलू.

घरी चार-पाच जणांना बोलावून निरनिराळ्या धाटणीच्या स्कॉच शेजारीशेजारी चाखायच्या ठरल्या, की सगळे बाटल्यांच्या मागे लागतात. कोणाचा मेव्हणा दुबईहून येतोय, त्याच्या दोन लिटरांत काय काय बसेल, यावर ग्रुपवर आठवडाभर खल चालतो. पाणी काय, घरात असतंच. नसतं हो. असतं ते फ्रीजमधलं, दात शिवशिवणारं, नाहीतर नळाचं, क्लोरीनचा वास मारणारं. लागतं ते साधं, पिण्याचं, बाहेर ठेवलेलं पाणी. माणशी एक लिटर धरा आणि आदल्या संध्याकाळीच भरून झाकून ठेवा. सोडा म्हणजे पाणी नाही. बर्फ म्हणजेही पाणी नाही.

माणसं सहाच्या वर नकोत, सातवा आला की गप्पा क्रिकेटवर जातात. महाराष्ट्रात पंचविशीच्या आत व्हिस्की नाही आणि परवाना लागतो, हे माहीत असेलच. खर्चाची वर्गणी आधी काढा, नंतर कोणी देत नाही. ग्लास खाली पोट असलेला आणि तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न असेल तर छान, नसेल तर वाइनचे छोटे ग्लास घ्या. नेहमीच्या पसरट ग्लासात वास नाकापर्यंत पोचायच्या आत उडून जातो, आणि चाखण्यातला निम्म्याहून जास्त भाग नाकाचाच असतो. शिवाय प्रत्येकापुढे एक जास्तीचा ग्लास ठेवा. कशाला? पाण्याला.

आता बाटल्या. चार पुरेत, पण त्या एकमेकींपासून लांबच्या निवडा. ग्लेनफिडिक बारा आणि ग्लेनलिव्हेट बारा शेजारी ठेवल्या तर नवख्याला काही कळत नाही. दोन्ही स्कॉटलंडमधल्या स्पेसाइड भागातल्या, दोन्ही हलक्या, दोन्ही फळांच्या वासाच्या. दोन्ही चांगल्या, पण तो अभ्यास पुढच्या इयत्तेचा. नकाशा बघूनही निवडू नका. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांनी हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला (हो, उच्चार तोच) अशी प्रदेशांची पाच नावं ठरवून दिली आहेत, पण ती बाटली कुठली हे सांगतात, चव कशी हे सांगतीलच असं नाही. आयला बेट म्हणजे धुरकट व्हिस्की असं मानतात, पण तिथली बुनाहाव्हन बहुतेक धुराविनाच बनते. उलट टीचर्समध्ये जो धूर लागतो तो हायलँडमधल्या आर्डमोर कारखान्याचा. म्हणून दुकानात उभं राहून तीनच गोष्टी विचारा: धुराचा वास आहे का, मुरवायचं पिंप कोणतं, आणि अल्कोहोल किती टक्के.

पहिली बाटली ब्लेंडची घ्या. नाकं मुरडू नका. जगात खपणाऱ्या स्कॉचमध्ये मोठा वाटा ब्लेंडचाच आहे, आणि ब्लॅक लेबल धड लक्ष देऊन, सोडा न घालता प्यायलेली माणसं मला फारशी भेटलेली नाहीत. धान्याच्या हलक्या व्हिस्कीत वेगवेगळ्या कारखान्यांचे माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या व्हिस्क्या, मिसळून ब्लेंड बनते. ब्लॅक लेबलच्या मागे जो बारीक धूर रेंगाळतो, त्यात आयलावरच्या कल ईला कारखान्याचा हात आहे. म्हणजे संध्याकाळभर जे सुटंसुटं चाखायचं, ते इथे एकत्र आधीच भेटतं.

दुसरी बूर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, पिंपातली. अमेरिकेत कायदाच असा की बूर्बन दरवेळी आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवायची, मग ती वापरलेली पिंपं जातात कुठे, तर बरीचशी स्कॉटलंडला. व्हॅनिला, मध, थोडं नारळाचं अंग येतं ते त्यातून. ग्लेनमोरँजी घ्या, तिथल्या तांब्याच्या भट्ट्या स्कॉटलंडमध्ये सर्वांत उंच, वरपर्यंत हलकी वाफच पोचते, म्हणून माल नाजूक उतरतो. ती नाही मिळाली तर लोलँडची ऑखनटॉशन, तीनदा ऊर्ध्वपातन केलेली.

तिसरी शेरीच्या, म्हणजे एका स्पॅनिश वाइनच्या, पिंपातली: मनुका, खजूर, जायफळ, लवंग. ग्लेनफार्क्लास १०५ मिळाली तर सोडू नका. आणि लेबल वाचा. ६० टक्के. साठ! आपल्याकडच्या कितीतरी बाटल्यांवर ४२.८ असतं, त्या सवयीने हिला हात लावाल तर फसाल. गेल्या वेळी हीच ओतून झाली, सहा ग्लास भरले, आणि मग कोणीतरी म्हणालं, पाणी द्या जरा. आरओची टाकी सरबतात संपलेली, भांड्यात तळाला वाटीभर, फ्रीजमध्ये सोड्याच्या बाटल्यांची रांग. दोघांनी नीट प्यायली, पाणी आलं ते फक्त त्यांच्या डोळ्यांत. बाकीच्यांनी सोडा ओतला. उत्तम शेरीचं पिंप, आणि लागत होतं काय तर गोडसर बुडबुडे. हे माझ्याकडून राहिलं होतं, दुसऱ्या कोणाकडून नाही, म्हणून सारखं सांगतोय.

तर पाण्याचा हिशेब. चाखायला प्रत्येकी १५ मिली ओता, म्हणजे लहान पेगचा निम्मा. ६० टक्क्यांच्या १५ मिलीत ५ मिली पाणी, एक सपाट चहाचा चमचा, घातलं की ती ४५ वर येते. ४६ वाली असेल तर अर्धा चमचा घाला, चाळिशीवर उतरते. ४० वालीला थेंबभर, किंवा नाहीच. आधी तशीच हुंगा, एक घोट तसाच घ्या, मग पाणी, मग पुन्हा हुंगा. वास बदललेला लगेच कळतो. यामागे थोडं विज्ञानही आहे: स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर मांडून दाखवलं, की अल्कोहोल जास्त असलं तर ग्वायकॉल, म्हणजे धुरकट वासाचा एक रेणू, आत दडून राहतो, आणि पाण्याने पातळ केल्यावर वर पृष्ठभागाशी येतो. तिथून तो नाकात जातो. बर्फाने होतं उलटं. गारठ्याने वास मिटतो आणि जीभ बधिर होते. सोड्याचा चटका तर चव लागूच देत नाही. जेवताना ब्लेंडमध्ये सोडा घाला, कोण अडवतंय, पण चाखताना नको. औषधाच्या दुकानातून नवा ड्रॉपर आणा. चमचाही चालेल. पाणी मात्र हवं.

पाणी घातल्यावर व्हिस्की किंचित गढूळ दिसली तर घाबरू नका. ४६ किंवा वरच्या बाटल्या बऱ्याचदा थंड करून गाळलेल्या नसतात, त्यांच्यातले तेलकट अंश पातळ झाल्यावर असे दिसतात. बनावट माल म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

चौथी धुराची, आयलाची. लाफ्रॉइग, आर्डबेग किंवा लागावुलिन, कोणतीही एक. मोड आलेले जव, म्हणजेच माल्ट, वाळवताना खाली पीट, म्हणजे दलदलीतली कुजून साठलेली, वाळवलेली माती, जाळतात, त्याचा धूर दाण्यात शिरतो. आयोडीन, बँडेज, समुद्राचं शेवाळ, ओली राख असे वास येतात. पहिल्यांदा हुंगणारा ग्लास लांब धरतो. ज्याच्या घरी सुके बोंबील भाजले जातात तो लवकर रुळतो, हे मी पाहिलंय. धुराचं माप म्हणून सांगतात त्या पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग) आकड्यांवर भाळू नका. आर्डबेगच्या माल्टमध्ये फेनॉल, म्हणजे धुरकट वासाची द्रव्यं, पन्नाशीच्या पुढे, बोमोरच्या त्याच्या निम्म्याच्या आसपास, पण तो आकडा वाळवलेल्या माल्टचा असतो, बाटलीत येईतो बराच कमी होतो. मंडळी अगदीच बिचकणारी असतील तर स्काय बेटावरची टॅलिस्कर, ४५.८ टक्के, धूर बेताचा आणि शेवटी मिरी. कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक कोणी आणलीच तर पाचवी म्हणून ठेवा, त्याच्या पाया पडा.

लेबलवरचं वय म्हणजे आतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं वय. अठरा म्हणजे बारापेक्षा चांगलीच, असं काही नसतं; पिंप दमलेलं असेल तर वर्षं फुकट. रंगावर तर अजिबात जाऊ नका, नियमाने साधा कॅरॅमल रंग घालायला परवानगी आहे. गडद म्हणजे जुनी, हे दुकानदार सांगतो.

क्रम: ब्लेंड, बूर्बन, शेरी, धूर. धूर शेवटीच. एकदा तो तोंडात बसला की पुढचं सगळं धुराचंच लागतं. आणि दोन बाटल्यांच्या मधे? दोन घोट पाणी. ग्लास एकच असेल तर विसळायलाही पाणी. म्हणजे ग्लासात, तोंडात आणि विसळायला, तिन्हीकडे तेच. म्हणून माणशी लिटर म्हटलं, उगाच नाही.

खोलीत उदबत्ती नको, रूम फ्रेशनर नको, आणि डासांची कॉइल तर मुळीच नको. ग्लेनमोरँजीत धूर असल्याचं एकाने फार आत्मविश्वासाने सांगितलं होतं, कॉइल त्याच्या खुर्चीखाली होती. स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल तर दार लावून घ्या, किंवा स्वयंपाक आधी उरका. सेंट मारून येणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

चखणा: चिवडा, चकली, मसाला शेंगदाणे, कांदा-लिंबू सगळं नंतर. चाखेपर्यंत साधा पाव, सफरचंद, बिनमसाल्याचं चीज. शेरीवालीबरोबर काळं चॉकलेट जमतं. उपाशीपोटी कोणाला बसवू नका, पाचला काहीतरी खायला घाला.

बसल्यावर काय? वहीत दोन-दोन शब्द लिहा, नाहीतर सकाळी कोणालाच आठवत नाही. मोठ्याने वर्णन करणाऱ्याला शेवटी बोलू द्या, बाकीचे त्याचंच म्हणायला लागतात. चारही झाल्या की जी आवडली ती पुन्हा थोडी. मग जेवण. पाण्याचा तांब्या जेवणाच्या टेबलावर पुन्हा भरून.

गाडी कोणीही चालवणार नाही. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि चार लहान ओतण्या म्हणजेही मोठा पेग झाला. कॅब आधी ठरवा. उरलेल्या बाटल्या उभ्या ठेवा, वाइनसारख्या आडव्या नाही, बूच खराब होतं. उन्हात नको. तळाला थोडी राहिली असेल तर छोट्या बाटलीत काढा, नाहीतर सरळ संपवा.